फ्रेडी क्रूगर कुणाच्या आवाजात बोलतो?

भयपटांच्या चाहत्यांना वंशावळी काढण्याचा फार नाद असतो. अमुक खलनायकाचा आजा कोण, पणजा कोण, त्याची टोपी कुठल्या चित्रपटातून आली, हातमोजा कुठून आला, याचा शोध ही मंडळी ज्या चिकाटीने घेतात, ती आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीही थोडी उसनी घ्यावी अशी आहे. वेस क्रेव्हनच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटातील फ्रेडी क्रूगरच्या बाबतीत हा शोध हटकून जुन्या अमेरिकी दूरचित्रवाणीपाशी, त्यातही ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या एका भागापाशी येऊन थांबतो. आम्हीही बराच काळ तिथेच थांबलो होतो. पण तो भाग आणि तो चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पुन्हा पाहिले, तेव्हा वाटले की नाते आहे खरे, मात्र आपण ते चुकीच्या जागी शोधत आलो आहोत.

आधी तो भाग. २७ नोव्हेंबर १९५९ रोजी सीबीएस वाहिनीवरून प्रथम प्रसारित झालेला ‘पर्चान्स टू ड्रीम’. नाव हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतातून उचललेले. लेखक चार्ल्स बोमॉन्ट. मालिकेचा जनक रॉड सर्लिंग याच्याखेरीज दुसऱ्या कुणी लिहिलेला हा मालिकेतील पहिलाच भाग. एडवर्ड हॉल नावाचा एक गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञाकडे येतो. सत्त्याऐंशी तास तो झोपलेला नाही. हृदय अधू आहे, आणि स्वप्ने तर पडतच आहेत. तीही एखाद्या मालिकेसारखी क्रमशः, काल जिथे थांबली तिथून आज पुढे. स्वप्नात एक जत्रा आहे, जत्रेत एक नर्तकी आहे, आणि ती त्याला रोलर कोस्टरवर ओढून नेते आहे. झोपलो तर तिथे मरणार, न झोपलो तर हृदय थांबणार, असा त्याचा पेच. त्या नर्तकीचे नाव ‘माया’ आहे. बोमॉन्टच्या मनात वेदान्त असेल असे आम्ही म्हणत नाही, पण मराठी वाचकाला इथे हसू आवरणे कठीण.

शेवटी डॉक्टरच्या स्वागतिकेतच हॉलला माया दिसते, तो भयाने खिडकीतून उडी घेतो, आणि मग कळते की हे सगळेच स्वप्न होते. कोचावर टेकताक्षणी त्याला डुलकी लागली होती आणि काही क्षणांतच किंचाळून तो मरण पावला होता. प्रेक्षक जे जागेपण समजत होता तेही झोपेतलेच निघते. दूरचित्रवाणीच्या अर्ध्या तासात, कृष्णधवल चित्रणात, एवढे साधलेले पाहून आजही अचंबा वाटतो.

साम्य उघड आहे. झोप हाच धोका, जागरण हाच एकमेव बचाव, स्वप्नातला मृत्यू खरा, जाणत्यांचा अविश्वास, आणि स्वप्न कुठे सुरू झाले याची खूण प्रेक्षकालाही न देण्याची युक्ती. बोमॉन्टनेच पुढे लिहिलेल्या ‘शॅडो प्ले’ (१९६१) या भागात एक कैदी रोज रात्री स्वतःच्याच देहदंडाचे स्वप्न पाहतो. त्याच वर्षीच्या ‘ट्वेंटी टू’ मध्ये रुग्णालयात पडलेली नर्तकी रोज स्वप्नात शवागाराच्या दारापर्यंत जाते आणि तेच दार पुढे विमानाच्या रूपाने जागेपणी समोर येते. म्हणजे एल्म स्ट्रीटवरची मुले जागी राहण्यासाठी कॉफी ढोसू लागली त्याच्या तेवीस ते पंचवीस वर्षे आधीच अमेरिकी घराघरांत ही कल्पना पोहोचली होती.

तथापि साम्य मोजताना फरकही मोजावेत. माया कुणाला हात लावत नाही. ती खुणावते, हॉल स्वतःच्या पायांनी जातो, आणि मरतो तो स्वतःच्या भयाने. वैद्यकाला त्याच्या मृत्यूचे नवल वाटण्याचे कारण नाही. हृदय अधू होतेच. फ्रेडी मात्र कापतो. त्याच्या पात्यांच्या खुणा जागे झाल्यावर रात्रीच्या कपड्यांवर उरतात. नॅन्सी तर निद्रा-चिकित्सालयात झोपेतून त्याची मळकी टोपीच हाती घेऊन उठते. बोमॉन्टच्या जगात स्वप्न माणसाच्या आत आहे, क्रेव्हनच्या जगात त्याला बाहेर यायला वाट आहे. शिवाय फ्रेडीमागे एक सामाजिक पाप आहे. मुलांचे खून करूनही कायद्याच्या त्रुटीमुळे सुटलेल्या या माणसाला गल्लीतल्या आईबापांनी जिवंत जाळले आणि ही गोष्ट मुलांपासून लपवली. हॉलच्या स्वप्नाला असा कुठलाही गाव नाही, शेजार नाही.

आणि क्रेव्हनने स्वतः मुलाखतींतून वारंवार सांगितलेला उगम तर दूरचित्रवाणीचा नाहीच. तो वर्तमानपत्राचा आहे. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये त्याने आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांच्या मृत्यूंच्या बातम्या वाचल्या होत्या. यातले बहुसंख्य लाओसचे ह्मोंग. लाओसमधल्या छुप्या युद्धात हे लोक अमेरिकेच्या बाजूने लढले, १९७५ नंतर जीव घेऊन पळाले, थायलंडच्या छावण्यांत राहिले आणि तिथून अमेरिकेत आले. तिथे त्यांच्यातले धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेत, काही जण विव्हळत, मरू लागले. १९८१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक पत्रिकेत या मृत्यूंची नोंद घेतली. शवविच्छेदनात काही सापडत नव्हते. ह्मोंग लोकांकडे मात्र एक उत्तर होते: झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारी एक दुष्ट शक्ती. परमुलुखात पूर्वजांचे विधी करता येत नाहीत, म्हणून तिला अडवणारे कुणी उरले नाही, असे त्यांच्यातले पुष्कळ जण मानत. अशा मृत्यूंचा संबंध पुढे हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करणाऱ्या ब्रुगाडा सिंड्रोम या बहुधा आनुवंशिक विकाराशी जोडला गेला. योगायोग असा की या मुद्द्यावर बोमॉन्टचा अधू हृदयाचा हॉल हा क्रेव्हनच्या नॅन्सीपेक्षा वस्तुस्थितीच्या जवळ निघाला.

क्रेव्हन सांगे त्या हकिकतींपैकी एक मुलाची आहे. दुःस्वप्नांना भिऊन तो झोपायलाच तयार नव्हता. घरच्यांनी समजावले, गोळ्या दिल्या. अखेर एके रात्री त्याला झोप लागली, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मध्यरात्री किंकाळी ऐकू आली. ते पोहोचेपर्यंत मुलगा गेला होता. नंतर त्याच्या खोलीत न घेतलेल्या गोळ्या आणि दडवून ठेवलेले कॉफीचे यंत्र सापडले.

मग दूरचित्रवाणीचे देणे काय? आमच्या मते कथानक नव्हे, आवाज.

फ्रेडीच्या आधीचे स्लॅशरपटांतले मारेकरी आठवून पाहा. ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) मधला लेदरफेस घशातून आवाज काढतो, बोलत नाही. ‘हॅलोविन’ (१९७८) मधला मायकल मायर्स मुका. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागापासून (१९८१) वावरणारा जेसनही मुका. मुखवटा आणि मौन ही या कुळाची रीतच होती. फ्रेडी ती मोडतो. तो बोलतो, टोमणे मारतो, आणि विशेष म्हणजे दाखवतो. पहिल्याच बळीला ‘हे बघ’ म्हणत तो स्वतःची बोटे छाटून दाखवतो. मारण्याआधी खेळ करून दाखवण्याची ही हौस खुन्याची नाही, कार्यक्रम सादर करणाऱ्याची आहे.

आणि हा सादरकर्ता अमेरिकी प्रेक्षकाच्या चांगल्या ओळखीचा होता. १९५५ पासून आल्फ्रेड हिचकॉक दर आठवड्याला पडद्यावर येऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, खुनाच्या गोष्टीआधी विनोद करत असे, आणि स्वतःच्याच जाहिरातदारांची खिल्ली उडवत असे. १९६० ते १९६२ या काळात ‘थ्रिलर’ मालिकेत हेच काम बोरिस कार्लोफने केले. पण ही झाली सभ्य मंडळी. फ्रेडीचे सख्खे चुलते शोधायचे तर स्थानिक वाहिन्यांवर, रात्री उशिरा, जुने भयपट सादर करणाऱ्या भुताटकी वेशातल्या निवेदकांकडे वळावे लागते. लॉस एंजेलिसच्या केएबीसी वाहिनीवर १९५४ साली मैला नुर्मी ‘व्हॅम्पायरा’ बनून आली. १९५७ साली युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ या नावाच्या गठ्ठ्याने वाहिन्यांना विकले गेले, आणि मग शहराशहरांत असे निवेदक उगवले. फिलाडेल्फियाचा जॉन झाकर्ली त्यांतला मोठा कलावंत. चित्रपट चालू असताना मध्येच तो स्वतःची दृश्ये घुसवी. थडग्यापाशी, प्रयोगशाळेत, गंभीर प्रसंग ऐन रंगात आला की झाकर्ली तिथे हजर, डोळे मिचकावत. दुसऱ्याच्या चित्रात न बोलावता शिरायचे आणि भीतीच्या ऐन क्षणी थट्टा करायची, हे फ्रेडीच्या कार्यपद्धतीचे वर्णन म्हणूनही चालेल.

इथे एक मोह टाळला पाहिजे. क्रेव्हनचा जन्म क्लीव्हलंडचा (१९३९), आणि याच शहरात एर्नी अँडरसन हा ‘गुलार्डी’ या नावाने असाच धिंगाणा घालत असे. दोन टोके जुळवायला हात शिवशिवतात. पण गुलार्डी सुरू झाला १९६३ साली, आणि तोवर क्रेव्हन शिक्षणासाठी गाव सोडून गेला होता. शिवाय त्याचे बालपण चित्रपट निषिद्ध मानणाऱ्या कर्मठ बॅप्टिस्ट घरात गेले. तेव्हा ‘त्याने पाहिले आणि घेतले’ अशी सरळ रेघ आम्ही ओढणार नाही. हा आवाज दूरचित्रवाणीने निर्माण केला असेही नाही. त्याआधी रेडिओवर ‘इनर सँक्टम’चा निवेदक करकरणाऱ्या दारामागून कोट्या करी, आणि १९५० च्या दशकातल्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या चित्रकथांत तर भुतेच सूत्रधार होती. दूरचित्रवाणीने त्या आवाजाला चेहरा देऊन झोपायच्या वेळी घरात आणून बसवले, एवढेच. पण फ्रेडीच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

क्रेव्हनला याची जाण असावी असे चित्रपटच सुचवतो. नॅन्सीचा मित्र ग्लेन रात्री मांडीवर छोटा संच ठेवून लोळतो आहे. वाहिनीचे कार्यक्रम संपल्याची घोषणा होते, आणि त्या वाहिनीचे नाव असते के-आर-जी-आर. क्रूगरमधले स्वर काढले की हेच उरते. त्यानंतर फ्रेडीचा हात गादीतून येतो आणि ग्लेनला संचासकट आत ओढतो. तिसऱ्या भागात (१९८७) तर आडपडदाच राहिला नाही. रुग्णालयातल्या संचावर डिक कॅव्हेट हा खराखुरा मुलाखतकार झा झा गाबोर या नटीशी गप्पा मारत असतो, बघता बघता त्याचा फ्रेडी होतो, संचाला हात फुटतात, आणि दूरचित्रवाणीवर चमकण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीचे डोके काचेत घुसवले जाते. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९८८ मध्ये, ‘फ्रेडीज नाइटमेअर्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्या ४४ भागांपैकी बहुतेकांत रॉबर्ट इंग्लंडचा फ्रेडी प्रामुख्याने गोष्टी सादर करतो आणि कोट्या करतो. वंशावळीतला नातू आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसला. क्रेव्हननेही मधल्या काळात, १९८५ साली, नव्याने सुरू झालेल्या ‘ट्वायलाइट झोन’चे काही भाग दिग्दर्शित केले होते.

आपल्याकडे हाच प्रवास थोड्या अंतराने घडला. रामसे बंधूंनी १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि त्यांचा ‘महाकाल’ (१९९४) हा एल्म स्ट्रीटचाच हिंदी अवतार होता. त्यातला शाकाल पात्यांचा हातमोजा घालतो, पण फ्रेडीची जीभ त्याला लाभली नाही. विनोदाचे खाते सवयीप्रमाणे जॉनी लिव्हरकडे गेले. सूत्रधाराची ती परंपराच मागे नसल्यावर दुसरे काय होणार?

खटकते ते इतकेच, की फ्रेडी जसजसा अधिक बोलू लागला तसतशी त्याच्या जन्माची मूळ बातमी विस्मरणात गेली. पुढच्या भागांत मुले एकेका कोटीनिशी मरतात आणि प्रेक्षक टाळ्या देतात. पहिला भाग अजून त्या बातमीच्या जवळ आहे. त्यात एक प्रसंग आहे. आई नॅन्सीच्या खोलीत येते, कॉफी काढून घेते, आता झोप म्हणते आणि निघून जाते. दार लागल्यावर नॅन्सी खोलीत दडवलेले कॉफीचे यंत्र पुढे ओढते.

प्रेक्षागृहात इथे हशा होतो. ते यंत्र मात्र कुठल्या मालिकेतून आलेले नाही.