नैराश्य कमी करायला व्यायाम कसा मदत करतो?

दिवसभर शेतात राबायचे, मग वेगळा व्यायाम कशाला? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती-इंदापूर भागात हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर समजून घेण्याआधी नैराश्य म्हणजे काय, ते पाहू.

नैराश्य म्हणजे काय?

एखाद्या दिवशी मन उदास होणे म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळपास रोज उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा येणे, स्वतःला दोष देत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे, आळस नाही.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या १५६ जणांचे तीन गट केले होते. एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. औषधाचा परिणाम मात्र सुरुवातीला लवकर जाणवला.

२०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. चालणे किंवा धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो, असे त्यात दिसले.

हे घडते कसे?

व्यायामामुळे मेंदूतील पेशींच्या वाढीला मदत करणारी द्रव्ये वाढतात, असे मानले जाते. झोप सुधारते. ‘आज एवढे तरी जमले’ हा विश्वास येतो आणि त्याच त्या विचारांतून मन थोडा वेळ बाहेर पडते.

मग शेतातले कष्ट?

कष्टाने शरीर थकते, पण मोकळ्या वेळेतल्या व्यायामाचा मनाला जसा फायदा होतो, तसा कामातल्या कष्टाचा होताना अभ्यासांत दिसत नाही. कामामागे कर्ज, पाणी, उसाची तोड यांची काळजी असते. व्यायाम आपण स्वतःसाठी, आपल्या वेगाने करतो. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, इंदापूर मार्गे पंढरपूरला जाते. त्या वाटेवर चालणे आणि बांधावर राबणे यांतला फरक इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको.

सुरुवात कशी करावी?

- नैराश्यात अंथरुणातून उठणेही जड जाते. म्हणून पहिल्या दिवशी १० मिनिटे चालणे पुरे.
- शक्यतो सोबत कुणाला तरी घ्या. जोडीदार असला की खंड कमी पडतो.
- हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेले हे किमान प्रमाण आहे.
- एखादा दिवस चुकला तर स्वतःला दोष देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.
- हृदयविकार, रक्तदाब किंवा सांधेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हे विसरू नका

व्यायाम सुरू केला म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. नैराश्य तीव्र असेल तर औषध आणि समुपदेशन लागतेच. घरातले माणूस चालायला येत नसेल तर ‘मनावर घे’ म्हणून टोचू नका. त्याच्यासोबत दारापर्यंत चला. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.