मेझिएरची सैनिकी अभियंत्यांची शाळा : दुर्गरचनेतून भूमितीकडे

लष्करी अभियंता म्हणजे तट आणि पूल बांधणारा माणूस, एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. तो कसा घडविला जात असे, याचा इतिहास मात्र शिक्षकांच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. अठराव्या शतकातील फ्रान्सचे उदाहरण या बाबतीत महत्त्वाचे ठरते.

फ्रान्समध्ये या पेशाला शास्त्राची बैठक प्रामुख्याने व्होबां (१६३३-१७०७) याने दिली. किल्ल्याचे रक्षण आणि किल्ल्याला वेढा घालणे ही दोन्ही कामे अभियंत्याचीच होती. १६७३ मधील मास्ट्रिख्टच्या वेढ्यात व्होबांने तटाला समांतर खंदक खणत सैन्य टप्प्याटप्प्याने पुढे नेले. उमेदवारांची परीक्षा घेण्याची प्रथाही त्याच्याच काळात रूढ झाली. १७०३ पासून गणितज्ञ सोव्हर परीक्षक होता.

१७४८ मध्ये ईशान्य फ्रान्समधील मेझिएर येथे सैनिकी अभियंत्यांची स्वतंत्र शाळा निघाली. तेथे गणिताबरोबरच नकाशे काढणे, दगड घडविणे, सुतारकाम व मोजणी शिकविली जाई. विद्युतभाराच्या एककाला ज्याचे नाव आहे तो कूलोम १७६१ मध्ये येथूनच बाहेर पडला. मार्टिनिक बेटावर त्याने अनेक वर्षे किल्ल्याचे बांधकाम पाहिले. मातीचा भिंतीवर किती दाब येतो, यासंबंधीचा त्याचा १७७३ चा निबंध या अनुभवातूनच सिद्ध झाला.

या शाळेत प्रवेशासाठी बुद्धीबरोबर घराणेही पाहिले जाई. फेरीवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा गास्पार मोंझ (१७४६-१८१८) याला त्यामुळे अधिकाऱ्यांच्या वर्गात स्थान मिळणे शक्य नव्हते. तो शाळेला जोडलेल्या विभागात नकाशे काढण्याचे व प्लास्टरचे नमुने करण्याचे काम करी. एकदा त्याच्याकडे एका किल्ल्याच्या आराखड्याचे काम आले. आसपासच्या उंचवट्यांवरून शत्रूला आतील सैनिक दिसू नयेत, यासाठी तट किती उंच हवा, हे ठरवायचे होते. रूढ पद्धतीत यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंझने ते केवळ भूमितीच्या आधारे झटपट सोडविले. इतक्या लवकर उत्तर येणे शक्यच नाही, असे म्हणून अधिकाऱ्याने प्रथम ते तपासण्यासच नकार दिला. तपासल्यावर मात्र पद्धत मान्य झाली आणि पुढे मोंझ त्याच शाळेत अध्यापक झाला.

परंतु ही पद्धत लष्करी गुपित मानली गेली. शाळेबाहेर ती शिकविण्यास वा प्रसिद्ध करण्यास त्याला मनाई होती. राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये मेझिएरची शाळा बंद झाली आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये पुढे एकोल पॉलितेक्निक या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था निघाली. तेथे प्रवेश स्पर्धा परीक्षेने होता, घराण्याचा दाखला लागत नव्हता. १७९५ मध्ये मोंझने पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये ही भूमिती उघडपणे शिकविली आणि १७९९ मध्ये तिचे पुस्तक निघाले.

आज आपल्या तंत्रनिकेतनांत शिकविले जाणारे अभियांत्रिकी आरेखन याच भूमितीवर उभे आहे. वस्तूचे समोरचे व वरचे दृश्य कागदावर उतरविणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागील ही हकिकत सहसा सांगितली जात नाही. ती सांगणे इष्ट होय. कारण जो प्रश्न शाळेतील अधिकारी आकडेमोडीने रेटत होते, तो शाळेने ज्याला अधिकारी-वर्गात घेतले नसते त्या मुलाने सोडविला. आणि त्याचा लाभ सर्वांना मिळण्यास जवळपास तीस वर्षे लागली.