चुकांची वही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि झाडलोट तिथेच थांबली. पेटीत वाचकांची पत्रे होती. माझ्या कादंबऱ्यांतल्या चुका दाखवणारी. एका गृहस्थांनी तर एकच चूक तीनदा कळवली होती. तिसऱ्या प्रकरणात जिचे दिवसकार्य झाले, ती आत्या नवव्या प्रकरणात पापड लाटते आहे! दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ही पत्रे पेटीतच होती, आणि आत्याबाई दुसऱ्या आवृत्तीतही पापड लाटीत राहिल्या. रोज मुलांच्या वह्यांत तांबडी शाई ओतणारा मी! चूक झाली याची मला लाज वाटली नाही. कळवलेली चूक पेटीत टाकून विसरलो, याची मात्र वाटली.

अशा वेळी डोनाल्ड कनूथ यांची आठवण होते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा नव्या तंत्राने जुळवलेली ती अक्षरे पाहून त्यांचे मन खट्टू झाले. जुन्या खिळ्यांची शोभा त्यांत नव्हती. दुसरा कोणी प्रकाशकाशी भांडला असता. यांनी अक्षरजुळणी करणारा संगणकाचा प्रोग्रामच लिहायला घेतला. त्याचे नाव ‘टेख’. काम वर्षभरात उरकेल असे वाटले होते. त्यात सुमारे दहा वर्षे गेली.

प्रोग्राममधल्या दोषाला संगणकवाले ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा. हा शब्द संगणकाहून जुना. एडिसनने १८७८ साली एका पत्रात तो वापरला आहे. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे. किडा झटकून टाकणे कोणालाही जमते. वहीत चिकटवायला मन मोठे लागते.

कनूथ यांनी मार्च १९७८ पासून अशीच वही ठेवली. टेखमधला प्रत्येक बदल त्यांनी क्रमांक घालून लिहिला आणि त्यांची पंधरा अक्षरांखाली वर्गवारी केली. घोडचुकीला एक अक्षर, विसरभोळेपणाला दुसरे, टंकदोषाला तिसरे. प्रोग्रामचे दोन भाग एकमेकांशी असे वागले की कर्त्यालाच नवल वाटावे, तर त्याला निराळे. पंधरांपैकी नऊ वर्ग खऱ्या चुकांचे; उरलेले सहा सुधारणांचे. १९८९ साली त्यांनी ही साडेआठशेंहून अधिक नोंदींची यादी जशीच्या तशी छापली. आपल्या चुका आपल्याच हाताने!

चूक दाखवणाऱ्याला ते बक्षीसही देत. ग्रंथातल्या चुकीला दोन डॉलर छप्पन्न सेंट, कारण २५६ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा. टेखमधल्या चुकीचे बक्षीस वर्षाला दुप्पट होत होत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबले. कित्येकांनी ते धनादेश बँकेत न नेता चौकटीत लावले. २००८ पासून कनूथ खऱ्या बँकेचे धनादेश देत नाहीत. ‘सॅन सेरिफ’ या काल्पनिक देशाच्या बँकेचे प्रमाणपत्र देतात.

पण तक्रारींचा ढीग कधी संपतो का? मोझिला या प्रकल्पाच्या यादीत २०१४ साली दहा लाखावी नोंद झाली. प्रत्येक पत्रासरशी धावत सुटले तर मूळ काम राहते, आणि कनूथ यांचे पुढले खंड लिहायचे होते. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेल सोडले. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले, की टेखमध्ये यापुढे नवी भर नाही. गंभीर दोष तेवढे काढायचे. तक्रारी आधी जाणकार मदतनीस चाळतात. उरतात त्या कनूथ वर्षानुवर्षांच्या अंतराने एकदम पाहतात : २००८, २०१४, २०२१. अंतर दर खेपेला एका वर्षाने वाढते. पुढली पाळी २०२९ साली. दर दुरुस्तीला टेखच्या आवृत्तीचा आकडा ‘पाय’ या गणिती संख्येच्या एक घर जवळ सरकतो : ३.१४, ३.१४१ असा. आपल्या मृत्यूनंतर तो आकडा ‘पाय’ करावा आणि उरलेल्या चुकांना कोणी हात लावू नये, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तेव्हापासून त्या चुका नव्हेत, टेखचे गुण! हा हट्ट नव्हे. जगभरच्या गणितज्ञांचे लेख टेखने जुळवलेले. आज जुळवलेले पान पन्नास वर्षांनीही तसेच उमटले पाहिजे.

मीही पत्रांचे तीन ढीग केले. खऱ्या चुका एकीकडे. नायिकेचे लग्न मास्तरांशीच लावा, असे सांगणारी पत्रे दुसरीकडे, त्या सूचना. हात न लावण्याजोगे ते तिसरीकडे. आत्याबाईंपाशी मात्र अडलो, कारण पापडांचा तो प्रसंग आवडल्याची पत्रेही त्याच पेटीत निघाली. अखेर पापड ठेवले, आणि आत्याबाईंचे मरण दहाव्या प्रकरणात ढकलले. त्या गृहस्थांना तसे पत्र लिहिले. बक्षीस म्हणून सोबत नव्या आवृत्तीची पहिली प्रत पाठवण्याचे वचनही दिले.

पेटी आता माळ्यावर गेलेली नाही. टेबलाखाली आहे, पाय ठेवताना लागते.