ध्वनिक्षेपकाची पेटी आणि सुताराचा हात

ज्ञातीच्या स्मरणिकेत सुतारकीविषयी लिहावयाचे म्हणजे देवळांचे मंडप, वाड्यांच्या तुळया, रथ आणि पालख्या यांचेच वर्णन करावे, असा प्रघात पडलेला आहे. तो मोडून आज आम्ही एका साध्या लाकडी खोक्याचा इतिहास सांगणार आहोत. ज्या ध्वनिक्षेपकास सर्व लोक केवळ विद्युतशास्त्राची करणी समजतात, त्याची अर्धी करामत लाकूडकामात आहे. आणि ही गोष्ट आमच्या पुष्कळ ज्ञातिबांधवांस ठाऊक नाही.

१९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा संशोधकांनी कागदी पडद्याच्या ध्वनिक्षेपकाचे शास्त्र मांडले. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच वंशातले होत. परंतु नुसता पडदा मेजावर ठेवून वाजविला तर मृदंगाची धूम ऐकूच येत नाही. पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लहर कडेने वळसा घालून पुढे येते व पुढच्या लहरीस मारते. सेकंदास पन्नास कंपने असलेल्या खर्जाची एकेक लहर बावीस फुटांहून लांब असते. तिला वीतभर पडद्याच्या कडेचा अडथळा तो काय होणार? म्हणून पडद्याभोवती मोठी फळी लावू लागले. ती खोलीत मावेना, म्हणून तिच्या बाजू मागे दुमडल्या आणि पेटी झाली.

पेटी पूर्ण बंद केली तर आतली हवा स्प्रिंगसारखी ताठरते व खर्ज आखडतो. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी पेटीस मोजून छिद्र ठेवण्याची युक्ती काढली. १९३२ साली तिचे पेटंट त्यांस मिळाले. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो घुमारा उठतो, तोच येथे कामास लावला आहे.

परंतु ही विद्या घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय आम्ही इंग्लंडातील गिल्बर्ट ब्रिग्ज यांस देऊ. हे गृहस्थ मूळचे कापडाच्या व्यापारातले. वयाची चाळिशी उलटल्यावर, १९३२ साली, यॉर्कशायरमधील इल्कली गावी आपल्या घराच्या तळघरात त्यांनी ध्वनिक्षेपक बनविण्यास आरंभ केला. त्या खोऱ्यावरून कारखान्यास व्हार्फडेल हे नाव पडले. १९४८ साली त्यांनी ध्वनिक्षेपकांवर पुस्तक लिहिले, तेही सामान्य माणसास समजेल अशा विनोदी भाषेत. घरच्या घरी करवत-रंधा चालविणाऱ्या हौशी मंडळींस त्याचा मोठाच आधार झाला. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण एकापाठोपाठ ऐकवून श्रोत्यांस तुलना करावयास लावली.

ब्रिग्ज यांचा कटाक्ष एकच: पेटी स्वतः वाजता कामा नये. त्यासाठी प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरून त्यांनी फळी केली; कोपऱ्यात विटांचे बांधकाम करूनही पाहिले. येथे आम्हांस मौज वाटते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची तबली तासतो ती लाकूड बोलावे म्हणून. ध्वनिक्षेपकाच्या सुतारास मात्र तेच लाकूड मुके करावे लागते. हातातली हत्यारे तीच. हेतू मात्र नेमका उलटा.

पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, आणि १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी, पेटीचे घनमाप व छिद्राची लांबी गणिताने काढण्याची रीत बसविली. तोपर्यंत सारी भिस्त कान आणि अनुभव यांवर होती.

तशा अनुभवाचे एक उदाहरण आमच्या घरातले आहे. १९७४ च्या सुमारास गावच्या भजनी मंडळासाठी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आमच्या वडिलांकडून सागवानी पेटी करवून घेतली. जोड सारे कुसाचे, गुण्या लावून पाहावा तर केसाचाही फरक नाही. पण वाजविताच एका विशिष्ट सुरावर ती घुमू लागली. दुरुस्तीवाला म्हणे, दोष यंत्राचा नव्हे, सुताराचा. वडिलांनी बोटांच्या पेरांनी चारी बाजू ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, "ही पेटी नव्हे, ढोलके झाले." त्यांनी आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या सरसाने बसविल्या, मागच्या बाजूस जुन्या गोधडीचे अस्तर दिले, आणि घुमणे थांबले. ब्रिग्ज यांचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते.

दुरुस्तीवाल्याने पेटीच्या दर्शनी बाजूवर आपल्या दुकानाचे नाव तांबड्या रंगात रंगवून घेतले. वडिलांस मजुरीचे बारा रुपये मिळाले. मंडळाने नवे यंत्र घेतल्यावर ती रिकामी पेटी आम्ही मागून आणली. मागची फळी काढली असता आतल्या पट्ट्यांवर वडिलांनी पेन्सिलीने टाकलेली मापे अद्याप वाचता येतात.