तरणा पाऊस, म्हातारा पाऊस

शिराळ्याकडे रोहिणीतच भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते. खटाव, माण, जतचे डोळे मिरगाकडे लागलेले असतात. सूर्य 25 मेच्या सुमारास रोहिणीत, 7-8 जूनला मृगात, 21-22 जूनला आर्द्रेत जातो. पुढं पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. पावसाचं असं भरलं घर आपल्या शेतकऱ्यांनी मांडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नावं मुळात चांदण्यांची. वेदकाळापासूनच्या, चंद्राच्या वाटेवरच्या या 27 खुणा. त्याही जागच्या हलतात: ऋतूंच्या हिशेबात नक्षत्र दर 72 वर्षांनी साधारण एक दिवस पुढं सरकतं. 1708 साली साताऱ्यात थोरले शाहू महाराज गादीवर बसले, तेव्हापासून मिरीग चारेक दिवस लांबला आहे. आणि ज्या चांदणीच्या नावानं पेरायचं, ती तेव्हा दिसतच नाही, कारण सूर्य तिच्याच अंगाला असतो. ती भेटते हिवाळ्यात, शाळूला रात्रीचं पाणी पाजताना.

तेव्हा नीट पाहावं. रोहिणी म्हणजे तांबूस, आणि तारा खरोखरच तांबूस आहे. गाभ्यातला हायड्रोजन सरला, तशी ती फुगून सूर्याच्या चाळीसपट रुंद झाली. आपला सूर्यही 500 कोटी वर्षांनी याच वाटेनं जाणार. पुनर्वसूतला पोलक्सही असाच उतारवयाला लागलेला. पाऊस तरणा, तारा मात्र नव्हे.

आर्द्रा म्हणजे ओली. तिचा तारा काक्षी. सूर्याचं वय 460 कोटी वर्षं, काक्षीचं जेमतेम एक कोटी, तरी मरणाला टेकलेली तीच. ताऱ्याचं आयुष्य त्याच्या वजनावर ठरतं. जितका जड, तितका गाभा तापतो आणि इंधन भराभर जळतं. 2019 च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंदावली, तेव्हा ती फुटणार अशी चर्चा जगभर झाली. पण तिनंच बाहेर टाकलेल्या धुळीचा तो पडदा निघाला.

फुटायला तिला अजून लाखभर वर्षंही लागू शकतील. फुटेल तेव्हा भरदिवसा दिसेल. तो जून असला आणि ढग फाकले, तर आर्द्रेच्या पेऱ्याला आर्द्रा पहिल्यांदाच डोळ्यांसमोर असेल.