एका खेपेचें माप

बोरीसारख्या गांवचा कापूस परभणी स्टेशनावरून मुंबईस धाडावयाचा, तर एके काळीं तो वाटेंत मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडींत भरावा लागे. १९०१ सालीं पुरा झालेला मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग एक मीटर रुंदीचा, मुंबईचा साडेपांच फुटांचा. दोन्ही मार्ग आपापल्या जागीं निर्दोष; अडचण होती ती सांध्याची.

संगणकांच्या इतिहासांतही हीच अडचण आली. दूरच्या यंत्रावरील फाइल जवळच असल्याप्रमाणें वाचतां यावी, यासाठीं १९८४ सालीं अमेरिकेंतील सन कंपनीनें ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ पुढें आणली. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत एका खेपेस ८,१९२ बाइटांहून अधिक मजकूर नेतां येत नसे. वाटेवरील इथरनेटचें जाळें तर एका वेळीं १,५०० बाइटच सोसे. म्हणून भरल्या खेपेचे सहा तुकडे होत. त्यांतील एक जरी गहाळ झाला, तरी सारी खेप पुन्हां धाडावी लागे.

१९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीनें ती मर्यादा काढली. मागणारें यंत्र देणाऱ्यास त्याची कमाल विचारतें, आणि दोहोंत लहान असेल तो आकडा ठरतो. मात्र हा तह मुकाट्यानें होतो. १०,४८,५७६ बाइट मागणाऱ्यास ३२,७६८ च मिळाले, तरी तक्रारीचा शब्द निघत नाहीं. काम तेवढें रेंगाळतें. म्हणून जाणता कारागीर मागितलेल्या आकड्यावर विसंबत नाहीं. जोडणीच्या नोंदींत प्रत्यक्ष ठरलेला आकडा तो आधीं पाहतो, मग देणाऱ्या यंत्राची मर्यादा, आणि शेवटीं वाट.

मनमाडला हमालांची लगबग पाहून खोळंब्याचें कारण कोणासही कळे. १९९० नंतरच्या दशकांत परभणीपर्यंतचे रूळ रुंद झाले व तें कारण सरलें. यंत्रांच्या तहांत मात्र तें नोंद उघडूनच शोधावें लागतें.