हूवर धरणावरचा रस्ता : ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतल्या हूवर धरणावरचा रस्ता ९/११च्या हल्ल्यामुळे हलवला, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांना जोडणारा ‘यूएस ९३’ हा महामार्ग थेट धरणाच्या माथ्यावरून जात होता. दोनच पदरी, दोन्ही बाजूंना घाटाची तीव्र वळणे, त्यात पर्यटकांची गर्दी आणि मालट्रकांची रांग. हा रस्ता धोक्याचा आहे हे सरकारला १९६०च्या दशकापासून माहीत होते. धरणाच्या खालच्या अंगाला सुमारे ४५० मीटरवर नवा पूल बांधायचा, हा निर्णय मार्च २००१ मध्ये झाला, म्हणजे हल्ल्याच्या सहा महिने आधी. हल्ल्यानंतर मालट्रकांना धरणावर बंदी आली आणि कामाची निकड वाढली, एवढेच. नदीपासून सुमारे २७० मीटर उंचीचा हा पूल ऑक्टोबर २०१० मध्ये वाहतुकीला खुला झाला. वळणरस्त्यासह एकूण खर्च सुमारे २४ कोटी डॉलर.

अभियंत्यांच्या कौशल्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण फुले-आंबेडकरांच्या विचाराने इतिहास वाचणाऱ्याने पुलाच्या उंचीपाशी थांबून कसे चालेल? रस्ता सार्वजनिक आणि धरणही सरकारी पैशाचे, तर मग त्या ‘सार्वजनिक’मध्ये कोणाला धरले होते?

धरणाचे काम १९३१ मध्ये सुरू झाले. महामंदीचे दिवस होते, कामासाठी हजारो बेकार लास वेगासकडे धावत होते. सरकारी करारातच ‘मंगोलियन’, म्हणजे प्रामुख्याने चिनी, मजूर घेऊ नयेत अशी अट होती. काळ्या मजुरांवर कागदोपत्री बंदी नव्हती, तरी त्यांना कामावर घेतले जात नव्हते. त्यांच्या संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा थोड्यांना घेतले. जुलै १९३४ मध्ये धरणावर ५,२५१ माणसे कामाला होती, पण काळ्यांची संख्या कधीच तीसच्या वर गेली नाही. कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी हे नवे गाव वसवले, त्यात त्यांना घर नाही. त्यांनी पन्नासेक किलोमीटरवरच्या लास वेगासहून रोज ये-जा करायची, तीही वेगळ्या बसने. आणि वाळवंटातल्या त्या उन्हात त्यांच्या पिण्याच्या पाण्याची बादलीही वेगळी!

बादली वेगळी हे वाचून आपल्या माणसाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. जगातले सर्वांत उंच धरण बांधले जात होते, कोलोराडोसारखी नदी अडवली जात होती, आणि पाणी अडवणाऱ्या हाताला पाण्याचा विटाळ होता. त्याच्या चारच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले होते. त्यामागे सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव होता : सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या हव्यात. हाच धागा पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये आला. तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते एकाच ओळीत आहेत. ‘रस्त्याचा प्रश्न विकासाचा आणि पाण्याचा प्रश्न जातीचा’ अशी वाटणी करणाऱ्या आपल्या काही मित्रांनी ती ओळ पुन्हा वाचावी.

इथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि दामोदर खोरे योजनेची आखणी त्यांच्या खात्यात झाली. नमुना होता अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा. त्या प्राधिकरणाने वसवलेल्या नॉरिस गावातही काळ्यांना राहायला मज्जाव होता. म्हणून नमुनाच टाकाऊ ठरतो का? आम्हाला तसे वाटत नाही. पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी ती यंत्रणा घेण्यासारखीच होती. पण यंत्रणा उसनी आणता येते, समता उसनी येत नाही. ती इथेच, इथल्या कायद्याने आणि इथल्या लढ्याने मिळवावी लागते.

आता पुन्हा नव्या पुलाकडे. काळ्या माणसाची गाडी त्यावरून आज कोणी अडवत नाही, हा नागरी हक्कांच्या लढ्याचा विजय आहे. मात्र रस्ता हलवायचा म्हणजे तो कोणाच्या तरी जागेत न्यायचा. या वळणरस्त्यासाठी तीन पर्याय तपासले, त्यातून शुगरलोफ डोंगराचा पर्याय निवडला. हा डोंगर आणि शेजारची गोल्ड स्ट्राइक दरी त्या भागातल्या आदिवासी जमाती पवित्र मानतात. सरकारने ते नाकारले नाही. त्या जागेचे सांस्कृतिक महत्त्व कागदोपत्री मान्य केले आणि रस्ता तिथूनच नेला.